केसांना वळण आहेच!

"अगं, जरा केसांना वळण लाव!" हे वाक्य मी बालवाडीपासून ऐकत आलेय. आई म्हणायची, शाळेतल्या बाई म्हणायच्या. सेकंड इयरच्या ओरलला तर एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "झोपेतून उठून थेट इथेच का?" सगळे हसले. मीही हसले. पण पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं येत असूनही तोंडातून फुटली नाहीत.

आता गंमत बघा. माझ्या केसांइतकं वळण अख्ख्या होस्टेलमध्ये कुणाच्या केसांना नसेल! पण ते वळण कुणालाच नको होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होतं. म्हणून प्लेसमेंटच्या आधीच्या सुट्टीत, शिकवण्या घेऊन साठवलेले सगळे पैसे घालून मी केस 'कायमचे' सरळ करून घेतले. पंधरा दिवस आरशासमोरून हलले नाही. तीन-चार महिन्यांनी मुळांशी कुरळे, खाली सरळ, आणि दोन्हींची गाठ पडते तिथे तुटायला सुरुवात! उशीवर केस, मेसच्या ताटाजवळ केस. शेवटी खांद्याच्याही वर कापावे लागले. त्या दिवशी खूप रडले. मग इंजिनिअरिंगचा विद्यार्थी जे सगळ्यात शेवटी करतो ते केलं, थिअरी वाचायला घेतली.

तर मित्रमैत्रिणींनो, केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. केस ज्या मुळातून उगवतो ते मूळच वाकडं असेल तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो. सरळ केसाचा छेद साधारण गोल असतो, कुरळ्याचा चपटा. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना निरनिराळ्या बंधांनी धरून ठेवतात. हायड्रोजन बंध म्हणजे शिवणातला कच्चा टाका, पाणी लागलं की सुटतो आणि वाळताना पुन्हा बसतो. डायसल्फाइड बंध म्हणजे मशीनची पक्की टीप, ती पाण्याने सुटत नाही.

गरम इस्त्री फिरवून केस सरळ होतात ते या कच्च्या टाक्यांच्या जोरावर. म्हणूनच जूनची पहिली सर आली की गॅदरिंगसाठी केलेली सगळी मेहनत पाण्यात! 'कायमचं' सरळ करताना मात्र रसायनांनी पक्की टीपच उसवतात आणि केस सरळ धरून पुन्हा घालतात. उसवून शिवलेलं कापड पहिल्याइतकं मजबूत राहत नाही, केसांचंही तेच. शिवाय केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस मुळाच्या आकाराप्रमाणेच येतो. पार्लरवाल्यांना तुमचं मूळ काही बदलता येत नाही! केस सरळ करायच्या काही द्रव्यांतून तर गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. त्याची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. तेव्हा करायचंच असेल तर काय लावताय ते आधी विचारा.

आता मुद्द्याचं. होस्टेलमध्ये हे केस सांभाळायचे कसे?

आधी पाणी. फर्स्ट इयरला ईडीटीएचं टायट्रेशन करून पाण्याचा कठीणपणा काढला होता, आठवतंय? रीडिंग शेजारच्याचं घेतलं असेल तरी हरकत नाही. बोअरवेलचं पाणी बहुतेक वेळा दुष्फेन असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. अंगाचा साबण डोक्याला लावला की या क्षारांशी मिळून त्याची चिकट साय केसांवर बसते. वर साबण अल्कधर्मी, त्याने केसाचे खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. म्हणून डोक्याला साबण बंद. सौम्य शाम्पू, तोही फक्त टाळूला. शेवटची बादली पिंपात साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याची मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मग कंडिशनर. टाळूतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून भराभर खाली उतरतं, कुरळ्या केसात मात्र घाटातल्या एसटीसारखं अडखळत जातं. त्यामुळे टोकं कोरडी राहतात. ओल्या केसावर ऋण भार असतो आणि कंडिशनरच्या रेणूवर धन भार. तो केसाला चिकटतो, खवले बसवतो, केस सुळसुळीत करतो.

गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावलेला असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने. सुरुवात टोकाकडून, मग हळूहळू वर. ओला केस नाजूक असतो, ओढाताण नको. बारीक फणी आणि कोरडे केस यांची भेट कधीही घडवू नका.

पुसायला खरखरीत टॉवेल नको, जुना सुती पंचा घ्या. खसाखसा न चोळता केस मुठीत धरून खालून वर दाबा. जेल हवं असेल तर मूठभर जवस तीन-चार कप पाण्यात उकळा, बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळा. दोन-तीन दिवसांचंच करा, नाहीतर रूममेट वासाने खोली सोडेल. जेल लावल्यावर केस वाळेपर्यंत हात लावायचा नाही. कच्चे टाके बसतायत, बसू द्या! मुलांनो, हे तुम्हालाही लागू आहे. दर महिन्याला बारीक कापून घेणं हा एकच उपाय नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा केस मोकळेच होते. आई बराच वेळ बघत राहिली. अभ्यंगस्नानानंतर ती तिचे ओले केस घट्ट आंबाड्यात कोंबायला लागली, तर मी तिचा हात धरला. म्हटलं, आज वाळू दे तसेच. "आता या वयात कुठे गं," म्हणाली, पण पंचा माझ्या हातात दिला. तासाभराने बघते तर काय, कानामागे अगदी माझ्यासारखी वेटोळी! इतकी वर्षं तेल चापून, पिना लावून तिने ती लपवली होती. तिलाही लहानपणी कुणीतरी वळण लावायला सांगितलंच असणार.

फायनल इयरच्या ओरलला केस आहेत तसेच घेऊन गेले. सरांनी बेअरिंगचं विचारलं, मी बेअरिंगचं सांगितलं.

रविवारी सकाळी पंचा आणि कंगवा घेऊन मी गच्चीत असते. कुणाला गुंता सोडवायचा असेल तर या. मात्र बादली आपापली आणा!