शब्दांतून चित्र : एआय कसे वापरावे आणि कुठे थांबावे



गेल्या पावसाळ्यात जावळी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवर जुलाबांविषयी माहिती द्यायची होती. तिथल्या बऱ्याच आयांना वाचता येत नाही, म्हणून चित्रांचा तक्ता हवा होता. चित्रकार मिळेना. मग मी मोबाइलवर एआयला लिहून सांगितले, "आदिवासी आई बाळाला साखर-मिठाचे पाणी पाजत आहे." मिनिटभरात चित्र आले. बाईच्या डोक्यात पिसे, गळ्यात कवड्यांच्या माळा, मागे घनदाट जंगल. वस्तीवरच्या एका मावशींना ते दाखवले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ही कोण बाई? आमच्यात अशी कुणी नाय."

त्या एका वाक्याने मला पुष्कळ शिकवले. आपल्या मंडळ्यांतही आता अनेक जण एआयकडून चित्रे काढून घेतात. म्हणून हा लेख.

यंत्र चित्र कसे काढते?

या यंत्राला आधी मजकुरासह कोट्यवधी चित्रे दाखवलेली असतात. 2022 साली खुल्या झालेल्या अशा एका संग्रहात सुमारे 585 कोटी चित्रे होती. त्यांतल्या सुमारे 232 कोटी चित्रांचा मजकूर एकट्या इंग्रजीत होता. बाकी शंभरावर भाषांच्या वाट्याला उरलेल्यांतला काही भाग.

पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवते ना? अशा अनेक यंत्रांना शिकवताना चांगल्या चित्रावर अशा मुंग्या टाकतात आणि त्या पुसायला यंत्राला शिकवतात. पुढे आपण वर्णन लिहिले की यंत्र नुसत्या मुंग्यांपासून सुरुवात करते आणि आपल्या शब्दांना जुळेल असे चित्र टप्प्याटप्प्याने मोकळे करते. ते तयार चित्र शोधून आणत नाही, नवे घडवते. आपण जे सांगत नाही, ते मात्र त्याने जास्त वेळा पाहिलेल्या गोष्टींतून भरते. "आदिवासी" एवढेच लिहिले की पिसे येतात ती अशी.

वर्णन कसे लिहावे?

चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांपैकी एक अॅप उघडा. दिवसाला मोजकी चित्रे फुकट मिळतात. मराठीत लिहिले तरी चालते. एवढे नक्की सांगा : कोण आहे, काय करत आहे, कुठे आहे, अंगावर व हातात काय आहे, चित्र कोणत्या प्रकारचे हवे आणि काय नको.

मी दुसऱ्यांदा असे लिहिले : "साधी सुती साडी नेसलेली सावळी तरुण आई कुडाच्या घरापुढे अंगणात बसून दोन वर्षांच्या मुलाला स्टीलच्या वाटीतून चमच्याने पाणी पाजत आहे. जाड काळ्या रेषा, मोजके रंग, मागे काही नको. चित्रात अक्षरे नकोत." हे चित्र मावशींना पटले. अक्षरे नकोत म्हटले, कारण देवनागरी जोडाक्षरे यंत्र बिघडवू शकते. चूक दिसली तर एका वेळी एकच दुरुस्ती सांगावी.

जिथे जपायला हवे

पुढचे चित्र होते प्रमाणाचे : एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरून सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यंत्राने साखरेचे सात चमचे काढले आणि मिठाचा चमचा शिगोशीग भरला. ज्या आईला वाचता येत नाही, ती चित्र पाहूनच पाणी करणार. मीठ जास्त झाले तर लेकराला अपाय होईल. ते चित्र आम्ही टाकून दिले आणि खऱ्या चमच्यांचे फोटो काढून लावले. प्रमाण, औषध, साप, रानभाजी या बाबतीत खरा फोटोच वापरावा आणि जाणकाराकडून तपासून घ्यावा.

संडे स्कूलसाठी चित्र मागितले की बहुधा गोरा, युरोपीय येशू येतो. गोव्यात 1902 साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडी नेसलेली मरिया रंगवली. त्यासाठी गोव्यात त्यांना टीकाही सोसावी लागली. त्यांनी आपल्या भोवतालची माणसे पाहिली होती. यंत्राला आपली माणसे आपण सांगावी लागतात.

वारली चित्र हवे असेल तर डहाणू-तलासरीकडच्या कलाकारांकडून विकत घ्या. ती त्यांची कला आहे आणि त्यांची भाकरीही.

वस्तीवरच्या मुलांचे फोटो अशा अॅपमध्ये टाकू नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार बंदी आहे.

आणि शेवटची गोष्ट

एका हितचिंतकांनी प्रेमाने सुचवले, "एआयकडून रडणारे, उपाशी मूल काढून घ्या. देणग्या वाढतील." वाढतीलही. पण जे लेकरू जगात नाही, त्याचा चेहरा दाखवून तुमच्याकडे हात पसरायचा, ही शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष होते. वस्तीवरची माणसे गरीब आहेत, पण ती दिवसभर रडत बसलेली नसतात. एकदा असे चित्र उघडे पडले की आमच्या खऱ्या फोटोंवरही तुम्ही विश्वास का ठेवावा?

म्हणून आम्ही ठरवले आहे : या वार्तापत्रात माणसांचे फोटो खरेच असतील आणि संमतीने घेतलेले असतील. यंत्राने काढलेल्या चित्राखाली "एआयने तयार केलेले चित्र" असे छापले जाईल.

मिरज, सांगली, कऱ्हाड, वाई येथील मंडळ्यांतील तरुणांपैकी कुणाचा चित्रकलेत हात चालत असेल तर अवश्य कळवा. एक दिवस आमच्याबरोबर वस्तीवर चला. आधी माणसे पाहा, मग चित्र काढू, हाताने किंवा यंत्राने.

ख्रिस्ताच्या सेवेत,
आपला बंधू