दूरध्वनीचे दर आणि ग्रामीण ग्राहक

साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव दूरसंचाराच्या दृष्टीने पुणे-नागपूरच्याच महाराष्ट्र परिमंडळात मोडते. १९९५ साली देशात भ्रमणध्वनी सुरू झाला, तेव्हा मिनिटास सुमारे १६ रुपयांपर्यंत आकार पडे. येणाऱ्या संभाषणाचेही पैसे मोजावे लागत. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. १९९९ च्या धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी कंपन्यांच्या उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. स्पर्धा वाढून दर उतरले आणि २००३ मध्ये येणारे संभाषण विनामूल्य झाले.

मात्र ग्राहक विरळ असतील तेथे स्पर्धा आपोआप पोहोचत नाही. यासाठी २००२ साली सार्वत्रिक सेवा दायित्व निधी उभारण्यात आला. कमीत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीस काम, या तत्त्वावर निविदा मागविल्या गेल्या. म्हणजे येथेही शासनाने स्पर्धेचाच उपयोग केला.

२०११ पासून क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क देशभरातील ग्राहकांना मिळाला आहे. परंतु ज्या गावात एकाच कंपनीची सेवा नीट मिळते, तेथे हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून दुसऱ्या मनोऱ्याच्या प्रस्तावाचा ग्रामपंचायतीने वेळेवर विचार करणे, हेही रास्त दरांच्याच दिशेने टाकलेले पाऊल होय.