सिनेमावरून आपण एवढे का भांडतो? 'लंकादहन'पासून 'आदिपुरुष'पर्यंतची गोष्ट, पंचवटीच्या नजरेतून

पंचवटी कारंजावरची चहाची टपरी असो की घरातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, राजकारणाच्या खालोखाल आवाज चढतो तो सिनेमावरून. 'सैराट'चा शेवट तसा करायला नको होता. 'नटसम्राट' नाटकातच शोभतो. 'शोले'ला नावं ठेवणाऱ्याला सिनेमातलं काही कळत नाही. 'आदिपुरुष'चा तर विषयच काढू नका!

राजकारणावरून वाद झाला तर निदान सत्ता, पैसा, गावची निवडणूक असं काहीतरी पणाला लागलेलं असतं. पण दोन-अडीच तासांच्या सिनेमावरून भाऊ भावाशी दोन दिवस धड बोलत नाही, चुलत बहीण ग्रुप सोडून जाते, हे कशामुळे होतं? आणि असा वाद नातं न बिघडवता घालता येतो का?

हे समजून घ्यायला नाशिकइतकी चांगली जागा नाही. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवल्यानंतर त्यांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. 1918 साली हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली तीही इथेच. म्हणजे सिनेमा बनवण्याइतकीच सिनेमावर मत देण्याची सवयही या गावाला जुनी आहे.

वाद एक, प्रश्न तीन

सिनेमावरचं बहुतेक भांडण एका घोळातून सुरू होतं. एकाच वाक्यात आपण तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतो.

पहिला प्रश्न: मला तो आवडला का?
दुसरा प्रश्न: तो नीट बनवलेला आहे का?
तिसरा प्रश्न: त्यात जे दाखवलंय ते दाखवणं योग्य आहे का?

"भंगार सिनेमा आहे" या तीन शब्दांत यातलं कुठलंही उत्तर दडलेलं असू शकतं. बोलणारा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ऐकणारा ते तिसऱ्याचं समजतो आणि ठिणगी पडते. म्हणून हे तिन्ही प्रश्न एकेक करून पाहू.

आवडला का? इथे मतभेद हाच नियम

आपल्याला वाटतं, चांगला सिनेमा सर्वांना आवडतो आणि न आवडणारा एखादाच विक्षिप्त असतो. संशोधन मात्र उलटं सांगतं. न्यूयॉर्क विद्यापीठातील पास्कल वॉलिश आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन हजारांहून अधिक लोकांना 209 गाजलेल्या चित्रपटांबद्दल विचारलं आणि कोणत्याही दोन माणसांची मतं किती जुळतात ते मोजलं. 0 म्हणजे काहीच मेळ नाही आणि 1 म्हणजे तंतोतंत मेळ, असं धरलं तर सरासरी आली 0.26 च्या आसपास. आणि समीक्षक? तुम्हाला एखादा सिनेमा आवडेल की नाही हे ओळखण्यात तेही अनोळखी प्रेक्षकापेक्षा सरस ठरले नाहीत.

म्हणजे तुमचा जिवलग मित्र तुमचा आवडता सिनेमा अर्ध्यात बंद करून झोपी गेला, तर त्यात आश्चर्य काहीच नाही. एकमत झालं तर ते नवल.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतंच. 'मालविकाग्निमित्र' नाटकात कालिदासाने नाट्याचं कौतुक केलंय ते याच मुद्द्यावर, की वेगवेगळ्या आवडीच्या माणसांना एकत्र रमवणारी ही गोष्ट आहे. लोकांची आवड वेगळी असणार, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे.

नीट बनवलेला आहे का? इथे कारणं द्यावी लागतात

दुसऱ्या प्रश्नावर मात्र "ज्याची त्याची आवड" म्हणून सुटता येत नाही. छायाचित्रण, संकलन, अभिनय, पटकथा यांबद्दल बोट ठेवून बोलता येतं, पुरावा देता येतो.

तरीही घाईने दिलेला निकाल फसतो. 15 ऑगस्ट 1975 रोजी 'शोले' प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीची परीक्षणं थंड होती. पुढे तोच सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. गंमत म्हणजे त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये त्याला एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा, आणि तो मिळवणारे होते मराठी संकलक एम. एस. शिंदे.

आज निकाल लावायला आकडे हाताशी असतात. पण ते काय मोजतात हे माहीत नसेल तर त्यांचा दाखला देऊनही भांडणच वाढतं. 'रॉटन टोमॅटोज'वर 90 टक्के दिसले म्हणजे सिनेमाला दहापैकी नऊ गुण मिळाले असं नाही. शंभरातल्या नव्वद परीक्षणांचा सूर अनुकूल होता, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या समीक्षकांनी "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही" म्हटलं तरी तिथे शंभर टक्के दिसू शकतात. उलट निम्म्या लोकांनी डोक्यावर घेतलेला आणि निम्म्यांनी आपटलेला सिनेमा तिथे पन्नास टक्क्यांवर अडकतो.

या प्रश्नात आणखी एक मेख आहे. आपण सिनेमा एकटा पाहत नाही, आधी पाहिलेल्याशी ताडून पाहतो. नाशिककर कुसुमाग्रजांचं, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' हे नाटक 1970 साली रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर एका पिढीच्या मनात घर करून बसले. 1 जानेवारी 2016 रोजी महेश मांजरेकरांचा चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर. ज्यांनी लागूंना पाहिलं होतं ते जुन्या आठवणीशी तुलना करत होते. ज्यांच्यासाठी नानाच पहिले गणपतराव होते, त्यांना ही तुलना कळेचना. दोघेही प्रामाणिक होते, फक्त दोघांच्या हातातली मोजपट्टी वेगळी होती.

खुद्द शिरवाडकरांनाही सिनेमाचा अनुभव होता बरं का! 1936 साली नाशिकच्या गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना' या चित्रपटाची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. तो चित्रपट काही चालला नाही. लेखणी चांगली असली म्हणून सिनेमा चालेलच असं नाही, आणि चालला नाही म्हणून लेखणी वाईट ठरत नाही.

दाखवणं योग्य आहे का? इथे जखम होते

आता तिसरा प्रश्न. सगळ्यात जास्त आवाज चढतो तो इथेच. आणि तो पंचवटीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

परंपरेनुसार राम, सीता आणि लक्ष्मण वनवासात राहिले ते इथे. सीता गुंफा, काळाराम मंदिर, रामकुंड, तपोवन ही इथल्या लोकांच्या रोजच्या रस्त्यावरची ठिकाणं. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, असंही सांगितलं जातं. त्यामुळे रामायणावरचा सिनेमा इथे निव्वळ सिनेमा राहत नाही.

1917 साली फाळक्यांचा 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी एकट्याने केल्या होत्या. आज कुणी असं केलं तर काय गदारोळ होईल, कल्पना करा! पण तेव्हा पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक नमस्कार घालत, अशी वर्णनं चित्रपटाच्या इतिहासात वाचायला मिळतात.

त्याच काळात पंचवटीतल्या काळाराम मंदिराचं दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला बंद होतं. ते उघडावं म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. सत्याग्रह काही वर्षं चालला, तरी त्या काळात दार उघडलं नाही.

आता 16 जून 2023 ला या. ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाचा 'आदिपुरुष' प्रदर्शित झाला. हनुमानाच्या तोंडच्या टपोरी भाषेवरून देशभर संताप झाला, निर्मात्यांना संवाद बदलावे लागले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने कानउघाडणी केली. सीतेच्या जन्मभूमीच्या उल्लेखावरून नेपाळमध्ये काठमांडूत काही काळ हिंदी चित्रपटच थांबवले गेले.

अशा सिनेमावर पंचवटीतल्या तीन घरांत काय बोलणं होऊ शकतं ते पाहा. कामदा एकादशीला पिढ्यान्पिढ्या रामाचा रथ ओढणाऱ्या घराला तो देवाचा अपमान वाटू शकतो. आजोबांकडून मंदिर सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकलेल्या घराला "आपला राम" हा शब्दच वेगळा ऐकू येऊ शकतो: आपला म्हणजे नेमका कुणाचा? आणि कॉलेजच्या मुलाला या दोन्हीत रस नसतो, त्याची तक्रार असते ती ग्राफिक्सची. तिघंही "सिनेमा वाईट आहे" म्हणतील. तिघांची कारणं ऐकली नाहीत तर आपलं एकमत झालंय असं वाटेल, आणि दुसऱ्याच दिवशी भांडण होईल.

उलटही घडतं. कारणं ऐकली तर मतं न जुळताही माणूस कळतो.

हिट झाला म्हणजे चांगला?

"एवढे लोक मूर्ख आहेत का?" हा वादातला ठेवणीतला सवाल. त्याचं उत्तर एका प्रयोगात सापडतं. मॅथ्यू सालगनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 साली तो प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अपरिचित बँडची 48 गाणी ऐकवली. काहींना इतरांनी कोणती गाणी किती वेळा डाउनलोड केली ते दाखवलं, काहींना नाही. ज्यांना आकडे दिसत होते त्यांच्यात लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली आणि नेमकं कोणतं गाणं वर जाईल हे सांगणं अवघड झालं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार सहसा पहिली आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं.

थोडक्यात, लोक मूर्ख नसतात, पण गर्दी बघून गर्दी वाढते हे खरं. त्यामुळे "सगळ्यांना आवडला" हा गुणवत्तेचा पुरावा नाही. आणि "सगळ्यांना आवडला म्हणजे सवंगच असणार" हाही नाही.

29 एप्रिल 2016 ला आलेला नागराज मंजुळेंचा 'सैराट' हे याचं उत्तम उदाहरण. 'झिंगाट'वर लोक थिएटरात नाचले आणि शेवटी त्याच थिएटरात शांतता पसरली. कुणी त्याला प्रेमकथा म्हटलं, कुणी जातीवरचं भाष्य. कुणाला गाण्यांसाठी पुन्हा जायचं होतं, कुणाला शेवटामुळे पुन्हा जायचं नव्हतं. तिकिटांचा आकडा सगळ्यांचा मिळून एकच, पाहिलेला सिनेमा मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आवडीमागे लपलेली पायरी

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी 1979 सालच्या आपल्या ग्रंथात एक टोचणारी गोष्ट मांडली. आपली आवड ही वरवर खासगी दिसते, पण तिच्यातून आपण कोणत्या वर्गातले आणि कोणत्या वर्गातले नाही, हे आपण दाखवत असतो.

मराठीत याचं नाव दादा कोंडके. 1971 च्या 'सोंगाड्या'पासून त्यांच्या चित्रपटांनी ओळीने रौप्यमहोत्सव केले. नऊ चित्रपटांच्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली. गिरणी कामगार आणि खेड्यातला प्रेक्षक पोट धरून हसत होता, तेव्हा अनेक सुशिक्षित घरांत दादांचं नाव काढणंही अशिष्ट मानलं जाई. ज्याने तमाशातली बतावणी आणि सोंगाड्याचे शाब्दिक कोट्यांचे खेळ ऐकले होते, त्याला दादा ओळखीचे वाटले. ज्याने ऐकले नव्हते त्याला तो फक्त चावटपणा वाटला. दादांच्या विनोदात बाईकडे कसं पाहिलं जातं, यावर आक्षेप जरूर घेता येतो. तो तिसऱ्या प्रश्नातला रास्त आक्षेप आहे. पण "असले सिनेमे बघणारी माणसं तसलीच" हे म्हणणं सिनेमावरचं मत नाही. तो माणसांवरचा शेरा आहे, आणि समोरच्याला झोंबतो तो नेमका तोच.

मग वाद घालायचा तरी कसा?

वाद टाळा असा सल्ला इथे नाही. सिनेमावर भांडण्यात मजा आहे. फक्त काही गोष्टी पाळल्या तर ती मजा टिकते.

1. आधी प्रश्न ठरवा. "तुला आवडला नाही, की चुकीचा वाटला?" एवढं विचारलं तरी निम्मा वाद मिटतो.

2. प्रसंगाचं नाव घ्या. "बोअर आहे" याला उत्तर नसतं. "मध्यंतरानंतरची वीस मिनिटं लांबली" याला असतं.

3. सिनेमावर बोला, बघणाऱ्यावर नको. "तुला कळला नाही" हे वाक्य आलं की सिनेमा संपला आणि भांडण सुरू झालं असं समजा.

4. आकडा पुढे करण्याआधी तो काय मोजतो ते पाहा. कोटींची कमाई, टक्के आणि तारे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

5. समोरच्याने तो कधी, कुठे, कुणासोबत पाहिला ते विचारा. भरल्या थिएटरात पाहिलेला सिनेमा आणि मोबाईलवर तुकड्यातुकड्यांत पाहिलेला सिनेमा सारखा नसतो.

6. जिथे श्रद्धा किंवा अपमानाची जुनी आठवण गुंतलेली आहे, तिथे आधी ऐका. तिथे "सिनेमाच तर आहे" म्हणणं म्हणजे समोरच्याला "तुझं दुखणं खोटं आहे" असं सांगणं. मात्र दुखावलेल्या माणसाने दुसऱ्याच्या बघण्यावर बंदी मागितली, तर तिला नाही म्हणण्याचा हक्कही आपल्याकडे राहतो.

तर पुढच्या वेळी मामा तुमच्या लाडक्या सिनेमाला "टुकार" म्हणाले, तर लगेच उत्तर टाइप करू नका. त्यांना विचारा, "कुठला सीन खटकला, मामा?" ते जे सांगतील त्याने सिनेमाबद्दलचं तुमचं मत बदलेलच असं नाही. पण मामांबद्दल आजवर माहीत नसलेलं काहीतरी नक्की कळेल.