कॉलेजची शेती कशी चालते

महाराष्ट्रात राहुरी (1968), अकोला (1969), परभणी आणि दापोली (दोन्ही 1972) अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या महाविद्यालयांत प्रवेश घेताना पालक इमारत, वसतिगृह, ग्रंथालय पाहतात. खरे तर आधी शेत पाहावे. कृषी महाविद्यालयाची प्रयोगशाळा म्हणजे त्याचे प्रक्षेत्र, आणि ते चालवणे वर्ग चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

जमीन एक, मागणी तिघांची

शिकवणाऱ्याला थोड्या जागेत अनेक पिके हवी असतात, कारण मुलांना ज्वारी, तूर, भुईमूग, ऊस सगळेच दाखवायचे असते. संशोधकाला सारख्या पोताचा सपाट तुकडा लागतो. बियाणे घेणाऱ्याला एकाच वाणाचे मोठे, सलग क्षेत्र पाहिजे. वाटणी चुकली की तिघेही अडतात.

प्रयोगाची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. एकाच शेतात वरचा कोपरा मुरमाड आणि ओढ्याकडचा भाग भारी काळा असू शकतो. नवा वाण काळ्या भागात आणि जुना मुरमात लावला, तर नवा जिंकणारच. तो विजय जमिनीचा. म्हणून शेताचे चढ-उतार पाहून गट पाडतात, प्रत्येक गटात सगळे वाण एकेकदा येतात आणि कोणता वाफा कोणाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरते. कडेच्या ओळींना ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून त्या आधी कापून बाजूला काढतात आणि मधल्या भागाचेच उत्पादन मोजतात. या वाफ्यांतून एखाद्याने ट्रॅक्टर आडवा घातला, तर वर्षाचे काम गेले.

सत्र आणि हंगाम

पाऊस शैक्षणिक वेळापत्रक पाहून येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास काढणीला येते. नेमकी तेव्हा वसतिगृहे रिकामी होतात. काढणी लांबली तर शेंगा शेतातच तडकतात. कोरडवाहू रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून साधारण महिनाभरात पेरावी लागते, कारण तिला जमिनीतल्या साठलेल्या ओलीवरच जगायचे असते. परीक्षा आहे म्हणून ती ओल थांबत नाही.

उसाचे तर त्याहून वेगळे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तोडणीला सोळा ते अठरा महिने लागतात. एका सत्रापुरता वर्गात आलेला विद्यार्थी बेणे पाहतो किंवा तोड पाहतो, दोन्ही पाहत नाही. यावर उपाय एकच: आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा तिन्ही लागणी शेजारी शेजारी ठेवायच्या. मग कोणत्याही महिन्यात गेले तरी उसाची निरनिराळी वये एकाच फेरीत दिसतात.

बियाण्याचा प्लॉट

प्रक्षेत्राचे सर्वांत जबाबदारीचे काम हे. वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली पैदासकार बियाणे होते, त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित. पिशवीवरच्या खुणेचा रंगही ठरलेला: पैदासकाराला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. शेतकऱ्याच्या हाती बहुधा निळ्या खुणेची पिशवी येते, पण तिची शुद्धता कित्येक हंगाम आधी दुसऱ्याच शेतात ठरलेली असते.

विलगीकरणाचे अंतर पिकाच्या स्वभावावर ठरते. सोयाबीन स्वपरागीभवनाचे, त्याला दुसऱ्या वाणापासून तीन मीटर पुरतात. बाजरीचे पराग वाऱ्यावर जातात, म्हणून संकरित बाजरीच्या प्रमाणित बियाण्याला दोनशे मीटर अंतर लागते. हा नियम फळ्यावर लिहून समजत नाही. फुलोऱ्यात आलेल्या प्लॉटमध्ये ओळीने चालत, उंचीने किंवा फुलांच्या रंगाने वेगळे दिसणारे झाड उपटून बाहेर टाकायला लावले, की भेसळ म्हणजे काय ते विद्यार्थ्याला कायमचे कळते.

सोयाबीनची मळणी जपून करावी लागते. त्याच्या दाण्याचे आवरण पातळ असते. यंत्राचे फेरे वाढवले की काम लवकर उरकते, पण दाण्याला आतून इजा होते. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के लागते. घाईने मळलेला ढीग दिसायला उत्तम असूनही तिथे नापास होतो.

गोठा आणि रोपवाटिका

यांना सुट्टी नाही. धार दिवाळीतही काढावीच लागते. राहुरीची फुले त्रिवेणी गाय, दापोलीने रुजवलेली आंब्याची कोय कलमाची पद्धत, या गोष्टी रोज पहाटे उठून काम करणाऱ्या माणसांच्या जोरावर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या.

पैसा आणि हजेरी

दूध, रोपे, बियाणे विकून पैसा येतो. तो सगळा वर भरायचा आणि खतासाठी पुन्हा मंजुरीची वाट पाहायची, अशी पद्धत असेल तर मृगाचा पाऊस पडून जातो आणि फाइल टेबलावरच राहते. फिरता निधी असला की विक्रीतून आलेला पैसा पुढच्या पेरणीला वापरता येतो. प्रक्षेत्राला हा मोकळेपणा मिळालाच पाहिजे. त्याबरोबर प्रत्येक पोत्याची साठा नोंदवहीत नोंद आणि प्रत्येक मजुराची हजेरी चोख हवी. पाण्याची पाळी, तणाची ओळख, बैलाची चाल हे अनुभवी रोजंदारी मजूर प्राध्यापकाइतकेच चांगले शिकवतात. त्यांची मजुरी थकवणारे प्रक्षेत्र फार काळ चांगले राहत नाही.

तिथून गावात

अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक पीक उत्पादन आहे. विद्यार्थ्याने छोट्या तुकड्यावर पेरणीपासून विक्रीपर्यंत सगळे करायचे आणि जमाखर्च मांडायचा. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी हीच मुले कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात जातात. स्वतः एकदा खुरपणीचा खर्च मांडलेल्या मुलीचे बोलणे शेतकरी वेगळ्या कानाने ऐकतो.

या रिवाजाचे मूळ मला पुण्यात दिसते. तिथल्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसह शेजारच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली आणि ती 1917 मध्ये प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती आहे, घर कशावर चालते, हे त्यांनी घरोघर विचारले. आजच्या कृषिदूतांच्या अहवालांतही गावाची माती, पाणी, पिके यांची माहिती असते. ते अहवाल गुण देऊन कपाटात न ठेवता जूनच्या आधी प्रक्षेत्राच्या बैठकीत वाचले जावेत, आणि पुढच्या खरिपात कोणत्या वाफ्यावर काय पेरायचे ते त्यांवरून ठरावे.