सोबत चालेल, ऐवजी नको : सिकलसेल आणि घरगुती, आयुर्वेदिक उपचार

इंदोरा, पाचपावली, रामबाग, इमामवाडा, कौशल्यानगर. नागपुरातील आपल्या कुठल्याही वस्तीत सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या घरी रुग्ण असतो, कुणाच्या नात्यात. आरोग्याच्या पानासाठी आम्ही लोकांशी बोलतो तेव्हा एक प्रश्न वारंवार येतो : "मेडिकलच्या गोळ्या सुरूच आहेत. त्यासोबत काढा, मालिश, आयुर्वेदिक पुडी चालेल का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही अंधश्रद्ध म्हणत नाही. मूल रात्रभर हातपाय दुखतात म्हणून रडत असेल, तर आईबाप हाती लागेल तो उपाय करणारच. मात्र कोणता उपाय औषधासोबत चालतो आणि कोणता जिवावर बेततो, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

आजार नेमका काय आहे

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि असह्य वेदना होतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

या आजाराचे पहिले वर्णन 1910 साली अमेरिकेत शिकागो येथे झाले. मध्य भारतातील सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 साली लिहिले. विदर्भात हा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजांत जास्त दिसतो. तो कुणाचा शाप नाही आणि मागच्या जन्माचे पापही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा जोर होता, तिथे सिकलसेलचा एकच जनुक असलेली माणसे हिवतापातून जास्त वाचली आणि तो जनुक पुढच्या पिढ्यांत गेला. असा एकच जनुक असलेल्या माणसाला वाहक म्हणतात. वाहकाला सहसा त्रास नसतो आणि उपचारही लागत नाहीत. म्हणून वाहकाला 'रक्तशुद्धी'च्या महागड्या बाटल्या विकणारा माणूस फक्त पैसे घेतो, एवढे लक्षात ठेवा. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते.

दवाखान्याच्या उपचाराचा पाया

रोज फॉलिक ॲसिडची गोळी, लहान मुलांना पेनिसिलिन, न्यूमोनियाविरोधी लस आणि गरज असेल त्यांना हायड्रॉक्सियुरिया, हा या उपचाराचा पाया आहे. हायड्रॉक्सियुरियामुळे बाळाच्या रक्तात असतो तसा हिमोग्लोबिनचा प्रकार वाढतो आणि पेशी वाकड्या होण्याचे प्रमाण घटते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागाच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम असा कमी डोस देऊन अभ्यास केला. तो 2012 साली प्रसिद्ध झाला. मुलांचे वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज दोन्ही कमी झाल्याचे त्यात दिसले. म्हणजे या औषधाची परीक्षा परदेशातच नव्हे, आपल्या शहरातील मुलांवरही झाली आहे.

या औषधाचा गुण यायला काही महिने लागतात. नेमक्या याच काळात "गोळ्यांनी काही फरक नाही" असे म्हणून घरचे लोक दुसरीकडे वळतात आणि गोळ्या बंद करतात. गोळी बंद झाली की तिचा फायदाही ओसरतो. शिवाय या औषधावर असताना ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. मूल हवे असलेल्या स्त्री-पुरुषांनी डॉक्टरांना आधी सांगावे.

कोणते उपाय सोबत चालतात

पाणी आणि ऊब. हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. अंगातले पाणी कमी झाले की पेशी जास्त अडकतात. नागपूरचा मे महिना रुग्णासाठी म्हणूनच कठीण असतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीची पहाटही त्रास देते. दुखऱ्या जागी कोमट कापडाने शेका. बर्फ मात्र लावू नका. मुका मार लागल्यावर बर्फ लावायची सवय असते, पण सिकलसेलच्या दुखण्यात बर्फाने त्रास वाढतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाताना रुग्णाची पाण्याची बाटली आणि गोळ्या सोबत ठेवा.

हलकी मालिश. कोमट तेलाने हलक्या हाताने चोळल्यास बरे वाटते. जोर लावून रगडू नका. सुजलेला, लाल किंवा गरम झालेला भाग चोळू नका. लहान बाळाचे हातपाय अचानक सुजले, तर मालिशवाल्या बाईकडे नव्हे, डॉक्टरांकडे न्या.

श्वासाची साधना. आनापान अनेकांच्या घरात आहे. वेदनेच्या वेळी श्वासाकडे लक्ष ठेवल्याने घाबरणे कमी होते आणि दुखणे सोसायला बळ मिळते. अमेरिकेत वेदनेच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झालेल्या 73 सिकलसेल रुग्ण मुलांवर झालेला योगाचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. योग केलेल्या मुलांच्या वेदना थोड्या कमी झाल्या. पण वेदनाशामक औषध कमी लागले नाही आणि रुग्णालयातले दिवसही घटले नाहीत. साधनेचा उपयोग किती आणि तिची मर्यादा कुठे, हे यावरून कळते. विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतही ही साधना वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही, असे म्हटले आहे. दहा दिवसांच्या शिबिराला जाणाऱ्या रुग्णाने अर्जात आजार लिहावा, डॉक्टरांना विचारावे आणि गोळ्या सुरूच ठेवाव्या. वर्षावासात अष्टशील पाळताना दुपारनंतर जेवण नसते, पण पाण्याला बंदी नाही. रुग्णाने पाणी कमी करू नये.

पालेभाज्या. मुनग्याचा पाला, पालक, मेथी, मोड आलेली कडधान्ये ताटात असावीत. अन्न म्हणून हे सारे चांगले आहे. मात्र तोच पाला वाळवून 'औषध' म्हणून शेकडो रुपयांना विकला जातो, तेव्हा सावध व्हा.

कुठे धोका आहे

कावीळ उतरवणे. डोळे पिवळे झाले की कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन "कावीळ निघाली" असे दाखवतो. सिकलसेलमध्ये डोळे पिवळे होतात ते बहुतेक वेळा पेशी फुटल्यामुळे. माळेने त्या फुटायच्या थांबत नाहीत. पिवळेपणा अचानक वाढला किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर पित्ताशयात खडे झालेले असू शकतात किंवा यकृताला त्रास झालेला असू शकतो. ते तपासणीनेच कळते.

लोहाची मात्रा. रक्त कमी आहे म्हणून लोहभस्म, मंडूर भस्म किंवा लोहाचे टॉनिक स्वतःच सुरू करू नका. सिकलसेलमध्ये रक्त कमी असण्याचे कारण पेशी फुटणे हे आहे, लोह कमी असेलच असे नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवले आहे, त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेले असते. जादा लोह यकृत आणि हृदय बिघडवते. तपासणीत लोह कमी आढळले, तरच डॉक्टर ते देतात.

बिनलेबलच्या पुड्या. जडीबुटीवाल्याच्या ज्या पुडीने दोन दिवसांत दुखणे गायब होते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ते बंद केल्यावर वेदनेचा झटका जोराने परत येऊ शकतो. स्टेरॉइड दीर्घकाळ पोटात गेले, तर सिकलसेलमध्ये आधीच नाजूक असलेला खुब्याचा सांधा आणखी लवकर झिजतो. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

गुळवेल. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. त्या काळात काढा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरीही ज्याच्या यकृतावर आधीच ताण आहे, त्याने विचारल्याशिवाय हा काढा घेऊ नये.

वनस्पतीचीही परीक्षा होऊ शकते

आम्ही झाडपाल्याच्या विरोधात नाही. नायजेरियात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या सरकारी औषध संशोधन संस्थेने पारंपरिक वैद्याकडून मिळालेल्या वनस्पतींपासून 'निप्रिसान' नावाचे औषध तयार केले आणि रुग्णांवर रीतसर तपासले. तीव्र वेदनेचे झटके कमी झाल्याचे दिसले, पण पुरावा अजून थोडाच आहे. ग्लुटामिन हा अन्नातलाच एक घटक. चाचण्या झाल्यावर 2017 मध्ये अमेरिकेने तो सिकलसेलसाठी औषध म्हणून मान्य केला. म्हणजे औषध कुठून आले यापेक्षा ते तपासले गेले का, हा प्रश्न महत्त्वाचा. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, तपासून पाहा, ही बुद्धांची शिकवण आपण जाणतो. विनयपिटकात भिक्खूंच्या औषधांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि बुद्धांवर उपचार करणारा जीवक हा शिकलेला वैद्य होता.

आयुर्वेदिक उपचार घ्यायचाच असेल, तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा. सक्करदरा भागात शासकीय आयुर्वेद रुग्णालय आहे. तिथे सिकलसेल असल्याचे आणि सुरू असलेल्या गोळ्यांचे सांगा. "मुळापासून बरा करतो" असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोन मॅरो प्रत्यारोपण आणि अलीकडे परदेशात मान्य झालेली जनुकीय उपचारपद्धती सोडली, तर हा आजार मुळापासून जात नाही.

डॉक्टरांपासून लपवू नका

डॉक्टर रागावतील म्हणून आपण काढ्याची गोष्ट लपवतो. मग यकृत बिघडले की डॉक्टर कारण शोधत बसतात. पुढच्या वेळी मेडिकल, मेयो, डागा किंवा एम्समध्ये जाताना पुडी, बाटली, वेष्टन पिशवीत घालून न्या आणि सरळ सांगा : "डॉक्टर, या गोळ्यांसोबत आम्ही हेही घेतो आहोत. चालेल का?" हे विचारणे तुमचा हक्क आहे.

अशा वेळी घरगुती उपाय थांबवा, दवाखाना गाठा

- ताप 101 अंशांपेक्षा जास्त
- छातीत दुखणे, धाप लागणे
- तोंड वाकडे होणे, एक बाजू लुळी पडणे, बोलताना जीभ अडखळणे, अचानक तीव्र डोकेदुखी
- मूल अचानक पांढरे पडणे, डाव्या बाजूला पोट फुगणे
- पुरुषाच्या किंवा मुलाच्या लिंगाला दुखरा ताठरपणा येऊन तो उतरत नसणे
- गोळी, पाणी आणि शेक देऊनही दुखणे न थांबणे
- गरोदर रुग्णाला कुठलाही त्रास

यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा. रात्र असेल तरी सकाळची वाट पाहू नका.

समाज म्हणून

सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून नागपुरात रुग्णांसाठी झटलेले संपत रामटेके यांना 2018 साली पद्मश्री जाहीर झाली. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बोलायला सुरुवात केली, म्हणून हा आजार सरकारदरबारी पोचला. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. या सोयी आपल्यापर्यंत पोचायच्या असतील, तर आधी तपासणी झाली पाहिजे. लग्न जमणार नाही या भीतीने अजूनही अनेक घरे तपासणी टाळतात. त्यात मुलांचे नुकसान होते.

महिला मंडळाच्या बैठकीत किंवा विहारातील रविवारच्या वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचून दाखवा. वस्तीतल्या आशाताईंना बोलवा आणि तपासणी कुठे होते ते विचारून घ्या. ज्या घरात रुग्ण आहे, त्या घराने वरची यादी कागदावर लिहून भिंतीवर लावावी. शेक, तेल, आनापान, मुनग्याची भाजी हे सारे सुरू राहू द्या. रोजची गोळी मात्र एकाही दिवशी चुकवू नका.