पडद्यावरची पणती पेटलेली कशी दिसेल?

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आपल्या मंडळातील मुलं संगणकावर छोटी ॲनिमेशन तयार करतात. चित्रं सुरेख असतात, पण पणती मात्र पेटलेली वाटत नाही; पिवळा कागद चिकटवल्यासारखी दिसते. मुलांच्या मेहनतीचं चीज व्हावं म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळींनी हा विषय समजून घेतला. तो सोप्या शब्दांत मांडत आहोत.

मूळ अडचण अशी की पडदा त्याच्या पांढऱ्या रंगाहून अधिक उजळ होऊ शकत नाही. खऱ्या ज्योतीचा थोडा प्रकाश आपल्या डोळ्यातच विखुरतो, म्हणून तिच्याभोवती वलय दिसतं. चित्रात हे वलय आपणच काढायचं.

क्रिटासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ज्योत वेगळ्या लेयरवर काढावी. त्या लेयरच्या दोन प्रती कराव्यात. एकीला थोडा ‘गॉशियन ब्लर’ द्यावा, दुसरीला बराच जास्त. मग दोन्हींचा ब्लेंडिंग मोड ‘स्क्रीन’ किंवा ‘ॲडिशन’ ठेवावा. ज्योतीचा गाभा जवळजवळ पांढरा, त्याबाहेर पिवळा आणि कडेला नारिंगी असावा.

या दोन मोडमधला फरक आम्हा बँकवाल्यांना आकड्यांत लवकर कळला. साध्या चित्रात प्रत्येक रंगाची पातळी 0 ते 255 असते. ‘ॲडिशन’मध्ये 200 आणि 100 यांची बेरीज 300 होते, मर्यादा 255 असल्याने वरचे 45 बुडतात आणि बारकावे पांढऱ्यात हरवतात. ‘स्क्रीन’मध्ये तेच उत्तर सुमारे 222 येतं. म्हणून सुरुवात ‘स्क्रीन’ने करावी.

मात्र नुसतं वलय पुरत नाही. उजेड कशावर तरी पडलेला दिसला पाहिजे. पणतीची कड, जवळची रांगोळी, पणती लावणाऱ्या हाताची बोटं यांवर नारिंगी छटा द्यावी आणि ती दूर जाताना झपाट्याने कमी करावी. बाकीचं चित्र गडद निळसर ठेवावं. भर दुपारच्या अंगणात कितीही वलय काढलं तरी पणती उजळत नाही.

ब्लेंडरमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या व्हिडिओंत सांगितलेला ईव्हीमधला ‘ब्लूम’चा पर्याय 4.2 आवृत्तीपासून तिथे नाही. ते काम आता कंपोझिटरमधल्या ‘ग्लेअर’ नोडने होतं.

ज्योत हलती दाखवताना तेज किंचित आणि अनियमित कमी-जास्त करावं. लख्ख उजेड आणि पूर्ण अंधार असा झगमगाट मात्र टाळावा. 1997 साली जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातील वेगवान लाल-निळ्या झगमगाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नसावा, असा संकेतस्थळांसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. आपल्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत लहान मुलंच बसतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

शेवटी, फाइल आदल्या दिवशी सभागृहातल्या प्रोजेक्टरवर दिवे मालवून पाहावी. प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी दिसतो, त्यात फिकं वलय नाहीसं होतं. तसं झाल्यास मोठ्या ब्लरच्या लेयरची अपारदर्शकता थोडी वाढवावी.