कर्नलमध्ये कोणते ड्रायव्हर हवेत? गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोडपालीतल्या एखाद्या घरात दहा वर्षे जुना लॅपटॉप लिनक्सवर सुरू होतो, वायफाय आणि आवाजही लगेच चालतो. उपकरणे चालवणारे कोणते ड्रायव्हर कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, द्यायचे, हे वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेले असते. असे वितरण आपल्याकडेही घडले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली आणली.

गैरसमज : सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच पक्के बसवले पाहिजेत.

वस्तुस्थिती : कर्नल बांधताना बहुतेक ड्रायव्हरसाठी तीन पर्याय असतात : आतच बांधणे, सुटे मॉड्यूल ठेवणे किंवा वगळणे. मॉड्यूल डिस्कवर असतात. मग डिस्क वाचणारा ड्रायव्हरच मॉड्यूल असेल तर? त्यासाठी बूटलोडर कर्नलसोबत एक छोटी, तात्पुरती फाइल प्रणाली मेमरीत आणतो आणि गरजेचे ड्रायव्हर तिच्यात असतात. त्यामुळे डेबियनला डिस्कचे ड्रायव्हरही सुटे ठेवता येतात. ही सोय नसलेल्या यंत्रात मात्र ते आतच बांधावे लागतात.

गैरसमज : ड्रायव्हर जितके जास्त, तितका संगणक मंद.

वस्तुस्थिती : न वापरलेले मॉड्यूल डिस्कवर पडून राहते, मेमरी खात नाही. उपकरण जोडले की ते आपला ओळख क्रमांक सांगते आणि त्यावरून योग्य मॉड्यूल आपोआप चढते. खरी किंमत वेगळी आहे : डिस्कवरची जागा, देखभाल आणि सुरक्षा. डीसीसीपी हा ड्रायव्हर नव्हे, नेटवर्कचा एक प्रोटोकॉल. पण तोही अनेक वितरणांत मॉड्यूल म्हणून येत असे. त्यातली २००५ पासूनची त्रुटी २०१७ मध्ये उघड झाली. क्वचितच लागणारा कोडही असा धोका बनतो.

गैरसमज : वायफाय दिसत नाही, म्हणजे ड्रायव्हरच नाही.

वस्तुस्थिती : अनेकदा ड्रायव्हर असतो, पण वायफाय चिपमध्ये भरायचे फर्मवेअर नसते. ते कर्नलपासून वेगळे असते आणि बहुधा त्याचा मूळ कोड खुला नसतो. म्हणून डेबियनने ते वर्षानुवर्षे अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले. २०२२ मध्ये तिथल्या विकासकांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले. नवख्या वापरकर्त्याची मोठी अडचण त्यामुळे दूर झाली.

गैरसमज : जुना ड्रायव्हर काढला की जुने यंत्र भंगारात.

वस्तुस्थिती : कधी तसे होते. ३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्स ३.८ मध्ये, २०१३ साली, संपला. पण २०२१ च्या ५.१४ आवृत्तीतून आयडीई डिस्कचे जुने ड्रायव्हर गेले, तरी बहुतेक आयडीई डिस्क चालतच राहिल्या; ते काम लिबएटीए ही नवी प्रणाली आधीपासून करत होती. काय काढले यापेक्षा त्याची जागा कोण घेते, हे पाहणे महत्त्वाचे.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करावे आणि वायफाय, आवाज, कॅमेरा तपासावा. काही अडले तर आधी फर्मवेअर शोधावे.